नरहरी सोनार आणि महिधरपुऱ्यातल्या बा

हरी आणि हर एकच. त्यात भेद पाहणारा अडाणी. सुरतेत राहून हे मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आलो. ऐकवायला मजा यायची, कारण हे वैष्णवांचं गाव आहे आणि त्यात आम्ही खानदेशी माळकरीच काय ते मोकळ्या मनाचे, अशी माझी पक्की समजूत होती. जुन्या शहरात बालकृष्णलालजींच्या गादीभोवती पुष्टिमार्गी वाण्यांची घरं. वराछा-कतारगामला हिऱ्याच्या धंद्यात आलेले स्वामिनारायणी पटेल. जहांगीरपुऱ्याला इस्कॉन. आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्याकडे गिरण्या आणि लूमच्या मागे ताप्ती लाइनच्या पॅसेंजरनं येऊन उतरलेले आम्ही जळगाव-धुळ्याकडचे. तुळशीची माळ या सगळ्यांच्या गळ्यात दिसेल. महादेवाच्या देवळापाशी आलं की मात्र प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडतं. आमचं पाऊल सरळ आणि बाकीच्यांचं आखडलेलं, असं मी म्हणायचो.

आता म्हणत नाही. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचे नाना एदलाबादकडचे, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरचे. तापीच्या वरच्या अंगाला मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाली असं सांगतात, तिथून निघालेलं आमचं घर त्याच तापीच्या मुखाशी येऊन टेकलं. मिलमध्ये असताना नानांनी माघातली मुक्ताबाईची यात्रा कधी चुकवली नाही. पगार कापून घ्यायचे पण जायचे. ती यात्रा वद्य एकादशीला भरते आणि महाशिवरात्रीपर्यंत चालते. एकादशी विठोबाची, तिथून तिसऱ्या दिवशी महादेवाची, आणि मधे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाला जाऊन यायचं. तुम्ही वैष्णव असून शिवरात्र कशी करता, असं कोणी नानांना विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

मला प्रश्न कळत होता आणि उत्तरंही तोंडपाठ होती. पंढरपुरात खुद्द पुंडलिकाच्या देवळात पिंड आहे. विठोबानं महादेवाला डोक्यावर घेतलंय, असं संत सांगत आले. आळंदीत ज्ञानोबांच्या समाधीला लागून सिद्धेश्वर आहे आणि तो समाधीच्याही आधीचा आहे. ज्ञानोबांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, त्यांचे मत्स्येंद्रनाथ आणि मत्स्येंद्रनाथांचे आदिनाथ, म्हणजे साक्षात शंकर. निवृत्तिनाथांची समाधी कुठे, तर त्र्यंबकेश्वरी, ज्योतिर्लिंगाच्या शेजारात. मराठी घराघरांत म्हटली जाते ती शंकराची आरती लिहिली रामाच्या रामदासांनी. वैकुंठ चतुर्दशीला आमच्याकडे विष्णूला बेल आणि महादेवाला तुळस वाहतात, एरवीच्या उलट. रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली निघालं. ते हाती लागल्यावर तर मी पुस्तकाचे दाखले फेकायला लागलो.

यातलं काही खोटं नाही. आजही मी ते सगळं मानतो. पण या खऱ्या गोष्टी मी वापरायचो त्या समोरच्याचं तोंड बंद करायला, आणि समोर बहुतेक वेळा असायच्या बा.

रिंग रोडवरच्या कापड मार्केटात मेहताजी म्हणून लागलो तेव्हा महिधरपुऱ्यातल्या एका जुन्या लाकडी घराच्या माडीवर आम्ही बिऱ्हाड केलं. खाली घरमालकीण बा. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. पहाटे उठून ठाकोरजींची सेवा. तिला पूजा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. सेवेचं पाणी वेगळं, भांडी वेगळी. जिना चढताना त्यांच्या हंड्याला पदर लागू नये म्हणून माझी बायको अंग चोरून जायची. सेवा आटपली की मात्र बा अगदी मोकळ्या. आमच्या मोठ्या मुलीला बोलायला यायच्या आधी 'जय श्रीकृष्ण' म्हणून हात जोडायला त्यांनीच शिकवलं.

पहिल्याच महाशिवरात्रीला मी देवळातून अभिषेकाचं पंचामृत आणि पिंडीवरचे पेढे आणले आणि वाटीत घालून खाली नेऊन दिले. बांनी हात जोडले, वाटीला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाल्या, "भाई, ठाकोरजींना धरलेलं नाही ते मी कसं घेऊ? बाळाला दे." मी वाटी घेऊन परत वर आलो. बायकोला म्हटलं, या लोकांना कृष्णाशिवाय देवच दिसत नाही. ती म्हणाली, "त्यांनी नाही घेतलं तर तुमचं काय गेलं?" मी त्यावर तिलाही वर दिलेली यादी ऐकवली.

(पुढे एका गुरवानं मला सांगितलं की पिंडीवर वाहिलेलं खायचं नसतंच. ज्योतिर्लिंग, बाणलिंग यांना सूट, बाकी ठिकाणी ते निर्माल्य. म्हणजे शैवांच्या शास्त्रानंही माझी वाटी चुकीची होती.)

वाद मग काही वर्षं चालला. बांच्या बाजूनं हसतखेळत. मी मनातून तापलेला असायचो. एकदा भागवताचाच दशम स्कंध काढला. त्यात नंदबाबा गोपांना घेऊन अंबिकावनात जातात, सरस्वतीत स्नान करून पशुपतीची आणि अंबिकेची पूजा करतात, नुसतं पाणी पिऊन रात्र नदीकाठी काढतात. म्हटलं, "बा, तुमच्या ठाकोरजींचे वडील महादेवाची पूजा करतात, मग तुम्हालाच काय हरकत?" बा वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि रात्री काय झालं?"

रात्री अजगरानं नंदांचा पाय धरला. गोपांनी जळती लाकडं मारली तरी सोडेना. नंदांनी हाक मारली ती कृष्णाला, आणि कृष्णाचा पाय लागला तेव्हा अजगर सुटला.

"पूजा ज्यांची केली, हाक काही त्यांना मारली नाही," बा म्हणाल्या. "मग एवढ्या लांब गेले कशाला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चिडलो, पण मनात दाद दिली.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या वादात मी कानाआड करत राहिलो. बांच्या तोंडून महादेवाबद्दल उणा शब्द मी कधीच ऐकला नाही. त्यांच्या बोलण्यात ते कायम महादेवजी. वृंदावनातल्या गोपेश्वराची गोष्ट त्यांची आवडती, रास बघायला महादेवजी गोपी होऊन आले ती. "एवढा मोठा देव, आणि घागरा घातला," असं म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. वैष्णवांत पहिला नंबर महादेवजींचा, असं भागवतच म्हणतं, हे मला त्यांनी सांगितलं. विष्णुस्वामींच्या ज्या परंपरेशी वल्लभाचार्यांचा मार्ग जोडतात तिला रुद्र संप्रदाय म्हणतात, तिचे मूळ गुरू रुद्र, हेही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे आमच्या परंपरेच्या मुळाशी आदिनाथ, त्यांच्या परंपरेच्या मुळाशी रुद्र. एकाच गुरूच्या घरचे दोघे. आणि मी त्यांना महादेवद्वेष्ट्या ठरवून बसलो होतो.

खरा हिसका बसला तो मात्र खेकड्यांपाशी.

सुरतेच्या बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. तापीच्या काठी उमऱ्याला रामनाथ घेला महादेवाचं देऊळ आहे. तिथे पौष वद्य एकादशीला पिंडीवर जिवंत खेकडे वाहतात. कानाचं दुखणं बरं व्हावं म्हणून नवस बोलायचा आणि फेडायला त्या एका दिवशी खेकडा घेऊन जायचं. कथा रामाची आहे. वनवासात राम इथे आला, इथे त्यानं महादेवाची पूजा केली, वडिलांचं तर्पण केलं, तेव्हा पाण्याच्या लाटेबरोबर खेकडे पिंडीवर आले, आणि रामाच्या वरानं तेच इथलं वाहणं झालं. खुद्द रामानं पुजलेली पिंड म्हटल्यावर माझ्यासारख्याला आणखी काय हवं? रामेश्वरला जायची गरजच नाही, सुरतेतच पुरावा!

मला कानाचा त्रास तरुणपणापासून. थंडीत कान ठणकायचा, कधी वाहायचा. मार्केटातला एक जण म्हणाला, घेला महादेवाला बोलून बघ. बोललो. थोडा उतार पडला, आणि पौषात फेडायला गेलो.

सकाळपासून रांग. रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून खेकडे विकायला बसलेल्या बायका. नांग्या दोऱ्यानं बांधलेल्या, तरी टोपलीत त्यांची एकमेकांवर चढाओढ चाललेली. माझा खेकडा पिशवीत होता आणि पाय प्लास्टिकला घासून सारखा खरखरत होता. गळ्यात माळ, पोटात एकादशीचा उपास, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि हातात हा जीव. गाभाऱ्यात पिंड दिसतच नव्हती. दूध, बेलपानं, फुलं आणि त्यांतून वाट काढत तिरके चालणारे खेकडे. पुजाऱ्यानं माझ्या हातातला घेतला आणि त्यांच्यात सोडला. वाहिलेले खेकडे नंतर पुन्हा पाण्यात सोडतात, हे ठाऊक होतं म्हणून बरं. मी हात जोडून म्हटलं, देवा, कान आता पुरता बरा कर.

बाहेर आलो आणि आठवलं की आज त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. तीही पौष वद्य एकादशीलाच. आमच्या गावाकडच्या दिंड्या तिथे पोचल्या असतील. तिथेही महादेव, इथेही महादेव. मनात नेहमीचं वाक्य आलं, एकच आहे सगळं. ते वाक्य त्या दिवशी मला पटेना. विठोबापुढे मी इतकी वर्षं उभा राहिलो, पण त्याला कधी कान बरा कर असं म्हटलं नव्हतं. मुलीच्या लग्नाचं म्हटलं नव्हतं, शेठनं पगार अडवला तेव्हा त्याचंही नव्हतं. विठोबापुढे असलं काही मागायला मला लाज वाटायची. मग ही कामं घेऊन मी कुठे जायचो? कानासाठी घेला महादेव, लग्नासाठी खंडेरावाची तळी, आजारपणात कानबाईला बोलणं. प्रेम विठोबाशी आणि काम बाकीच्यांशी! दोघे एकच आहेत असं मी जगाला सांगत होतो आणि घरात दोघांना वेगवेगळ्या खात्यांवर बसवलं होतं. हिशेबाच्या माणसाला ही गफलत इतकी वर्षं दिसू नये, याचंच नवल वाटलं.

त्याच वर्षी चातुर्मासात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलो तेव्हा तेरावा अध्याय आला. लहानपणापासून कितीदा वाचला असेल. नाना मोठ्यानं वाचायचे, आम्ही पेंगायचो. त्यात अज्ञानाची लक्षणं सांगताना ज्ञानोबा एका भक्ताचं वर्णन करतात. देव म्हणतो, हा माझी मूर्ती करतो आणि घराच्या कोपऱ्यात बसवून स्वतः दुसऱ्या देवांच्या यात्रेला जातो. रोजची आराधना माझी, पण काम पडलं की कुळदैवत. एकादशीला आमचा, पंचमीला नागांचा, चतुर्थीला गणपतीचा, चतुर्दशीला दुर्गेचा, रविवारी भैरवाचा, आणि सोमवार उजाडला की बेल घेऊन लिंगाकडे धावला. असा जो सैरावैरा धावतो तो अज्ञानाचा अवतार. शेवटी जी उपमा दिली आहे ती मी इथे लिहीत नाही. पोथी घरात असेल त्यांनी पाहावी.

हे आमच्या घराचं कॅलेंडर होतं.

आधी मला वाटलं, ज्ञानोबा इथे महादेवाच्या भक्तीला नावं ठेवताहेत. मग हसू आलं. ज्याची परंपरा आदिनाथांपासून सुरू होते, ज्याची समाधी सिद्धेश्वराशेजारी आहे, तो माणूस बेलाला कशाला नावं ठेवील? त्यांचा रोख लिंगावर नाही, त्या धावण्यावर आहे.

हे मी बांना जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून कपाटातून वल्लभाचार्यांच्या षोडशग्रंथाची गुजराती टीपेची जुनी पोथी काढून दिली. त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं तेव्हा. त्यातलं 'विवेकधैर्याश्रय' छोटंसंच आहे. अन्याश्रय म्हणजे काय, तर त्यात तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत : दुसऱ्याचं भजन, आपण होऊन तिथे जाणं, आणि कुठल्याही कामासाठी तिथे प्रार्थना करणं. एवढंच वाचलं असतं तर मी पुन्हा म्हणालो असतो, बघा, आखडलेले. पण त्याच ग्रंथात आधी असं म्हटलंय की हरी सगळं आपल्या इच्छेनंच करणार आहे, मग त्याच्याकडे तरी मागून काय होणार? मालकाच्या मनात काय आहे ते आपल्याला कुठे ठाऊक? म्हणजे स्वतःच्या ठाकोरजींकडेही मागायचं नाही. जिथे घरच्या देवाकडेच मागणं बसत नाही, तिथे तेच मागणं घेऊन शेजारच्या देवाकडे जायचं हा तर दुप्पट अविवेक. आणि 'बालबोधा'त वल्लभाचार्य शिव आणि विष्णू दोघांनाही पूर्ण मानतात. फळ देणारे म्हणून एकाकडे भोग, एकाकडे मोक्ष अशी वाटणी करतात. महादेवाला कमी लेखायचं त्यात कुठेच नाही. आळंदीचे ज्ञानोबा आणि अडेलचे वल्लभाचार्य यांच्यात दोनशे वर्षांचं अंतर. दोघांनी बोट ठेवलं ते मात्र एकाच जागी : काम पडलं की दुसरा देव.

आणि मग नरहरी सोनार. ही गोष्ट मी बांना किती वेळा ऐकवली असेल! पंढरपुरात राहून विठोबाचं तोंड न बघणारा कट्टर शैव. सावकारानं विठोबासाठी सोन्याचा करदोडा सांगितला. हा देवळात जाईना, म्हणून माप आणून दिलं. करदोडा एकदा लांब झाला, एकदा आखूड. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून गेला. हात लावला तर पाच मुखं, गळ्यात साप, कमरेला व्याघ्रांबर. पट्टी काढली तर विटेवर विठोबा. मी ही गोष्ट सांगायचो ती अशी की बघा, कट्टरपणाची कशी जिरली.

कुठे जिरली? विठोबा त्याच्यावर रागावला नाही. पट्टी काढून माझ्याकडे बघ म्हणाला नाही. ज्याला महादेवाशिवाय काही नको होतं त्याच्या हाताला तो महादेव होऊन लागला. ज्या हट्टाला मी अज्ञान म्हणत होतो त्या हट्टावर देव भाळला आणि म्हणून नरहरी संत झाला. माझ्यासारखे, सोमवारी इकडे आणि एकादशीला तिकडे धावणारे, पंढरपुरात तेव्हाही पुष्कळ असतील. त्यांच्यापैकी कुणासाठी विठोबानं रूप बदलल्याचं ऐकिवात नाही. आणि ठाकोरजींना न धरलेला पेढा परत करणाऱ्या बा म्हणजे तरी दुसरं काय होत्या? नरहरी विठोबाला बघत नव्हता, बा महादेवाचं घेत नव्हत्या. एकाच्या पुण्यतिथीला मी कीर्तनाला बसायचो आणि दुसरीला कोत्या मनाची म्हणायचो.

बांना हे सांगायचं राहून गेलं. मी सांगायला धजेपर्यंत त्या मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या आणि तिथेच वारल्या.

मग आता मी महादेवाकडे जात नाही का? जातो. आधीपेक्षा जास्त जातो. बांचं एक मला शेवटपर्यंत पटलं नाही, ते आपण होऊन न जाण्याचं. ज्यांच्या घरी गोकुळाशिवाय काही आलंच नाही त्यांना ते शोभतं. आमच्या देव्हाऱ्यात खंडेरावाचा टाक बापजाद्यांपासून आहे आणि खंडेराव म्हणजे महादेवच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी भरणं, हे मी सोडणार नाही. तो कुळाचार आहे, ते घेणं आहे, द्यायलाच हवं. माझ्या गुरूंच्या गुरूंचा गुरू ज्या रूपात आहे त्याच्या दारावरून मान वळवून जायचं, हेही मला जमणार नाही. सुरतेतच बांच्या दुसऱ्या टोकाला असलेला वैष्णव आचार आहे. स्वामिनारायणांनी १८२६ साली वडतालला शिक्षापत्री लिहिली. तिच्यात वाटेत शिवालय लागलं तर नमस्कार करून जा, श्रावणात बेलानं महादेवाची पूजा करा किंवा करवा, नारायण आणि शिव यांना एकच जाणा, असं आपल्या कृष्णभक्त सत्संग्यांना स्पष्ट सांगितलंय. तेव्हा वैष्णवानं जावं की न जावं याचं एक उत्तर या शहरातही नाही.

माझं बदललं ते मागण्याचं. देवळात जातो, बेल वाहतो, सोमसूत्र न ओलांडता अर्धी प्रदक्षिणा घालतो आणि परत येतो. मागत काही नाही. मागायचंच झालं तर गोपींनी कात्यायनीकडे जे मागितलं तेवढं मागावं. त्यांनी कृष्ण मागितला. शिवरात्रीला रात्री जागतो तेव्हा भागवताच्या चौथ्या स्कंधातलं रुद्रगीत वाचतो. प्रचेते तपाला निघालेले असताना वाटेत शंकर भेटतो आणि त्यांना विष्णूचं स्तोत्र शिकवतो, ते. महादेवाच्या रात्री महादेवानंच शिकवलेलं हरीचं स्तोत्र त्याला म्हणून दाखवायचं, याहून माळकऱ्याला सोईस्कर असं मला तरी दुसरं काही सापडलं नाही.

हे लिहिताना आजूबाजूला जे चाललंय ते दिसतंच आहे. गेल्या काही वर्षांत सुरतेपासून जळगावपर्यंत शिवपुराण कथांची लाट आली. मंडप किलोमीटरभर लांब, आणि प्रत्येक अडचणीला एक उपाय : परीक्षेला हे पान, कर्जाला ते पान, कोर्टाच्या तारखेला तांब्याभर पाणी. आमच्या भजनी मंडळातले अर्धे टाळकरी तिकडे असतात. त्यांना मी काही बोलत नाही. बोललो तर ते माझंच जुनं वाक्य मला ऐकवतील, हरी-हर एकच ना मेहताजी?

बायकोला माझं हे नवं शहाणपण अजिबात मान्य नाही. ती म्हणते, "पुरुषांना मागायची लाज वाटते कारण रात्री पोर घेऊन बसायला तुम्ही नसता." यावर विवेकधैर्याश्रयात काही उत्तर असेल तर मला सापडलेलं नाही. अलीकडेच धाकट्या मुलीच्या मुलाचा कान सुजला. रात्र-रात्र रडायचा. मुलीनं डॉक्टरांकडून थेंब आणले आणि घेला महादेवालाही बोलली. पौषात आम्ही तिघं उमऱ्याला गेलो. पिशवी मी धरली होती, मागणं तिनं मागितलं. थेंबांनी बरा झाला की खेकड्यानं, यावर घरात अजून एकमत नाही. तेराव्या अध्यायातल्या त्या ओव्या मी तिला दाखवल्या नाहीत. कधीतरी दाखवीन; पोरगं रडत असताना नाही.